लिम्ब हलके घ्या

वाढत्या अंगाचा शर्ट घ्यावा तसे लिम्ब घेण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. आज सैल आहे, वर्षभरात नीट बसेल, हा हिशेब शर्टाला लागू पडतो. धनुष्याच्या लिम्बाला तो लावला की वर्षभरात खांदा दुखावतो, नेम बिघडतो आणि पुष्कळदा धनुष्यच माळ्यावर जाते. मी बरीच वर्षे बेअरबो चालवतो, म्हणजे साइट नाही, स्टॅबिलायझर नाही, असे साधे रिकर्व्ह धनुष्य. आमच्या क्लबच्या कपाटाची किल्लीही माझ्याकडे असते. त्यामुळे लोक काय विकत घेतात, त्यातले काय टिकते आणि काय परत विकायला येते, हे मला जवळून दिसते.

या प्रकारच्या धनुष्याचे तीन भाग सुटे होतात, म्हणून त्याला टेकडाउन म्हणतात. मधला रायझर, म्हणजे धरायची मूठ, आणि वर-खाली बसणारे दोन लिम्ब. धनुष्याची ताकद लिम्बात असते, रायझरमध्ये नाही. राष्ट्रीय स्पर्धांमधल्या इंडियन राउंडला बांबूचे धनुष्य वापरतात. ते हलके पडले किंवा जड झाले तर अख्खे धनुष्य बदलावे लागते. टेकडाउन धनुष्याचा मोठा फायदा असा की रायझर तोच ठेवून फक्त लिम्ब बदलता येतात. आणि नेमकी हीच सोय लोक पहिल्या खरेदीत घालवून बसतात, कारण ते पहिल्याच वेळी 'शेवटचे' लिम्ब घेतात.

2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. त्यानंतर मैदानावर मुलांना घेऊन येणारे पालक वाढले याचा मला मनापासून आनंद आहे. असेच एक वडील आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी 36 पाउंडाचे लिम्ब बघून आले होते. किंमत खरोखरच चांगली होती. "सर, पुढे लागणारच आहेत ना? मग दोनदा खर्च कशाला?" असे त्यांनी विचारले. वर, कंपाउंडवाल्या मुली याहून जास्त ओढतात, हेही ऐकवले. त्यांना मी जे सांगितले ते इथे लिहितो. कंपाउंडला चाके असतात. पूर्ण ओढल्यावर ती चाके बराचसा भार स्वतःवर घेतात आणि नेम धरताना बोटांवर थोडाच भार उरतो. रिकर्व्हमध्ये याच्या उलट घडते. जितके मागे ओढाल तितका भार वाढतो आणि सर्वांत जास्त भार नेमका नेम धरायच्या क्षणी असतो. 36 पाउंड म्हणजे सव्वासोळा किलो. एवढे ओझे तीन बोटांवर तोलून, हनुवटीखाली हात स्थिर ठेवून, श्वास न बिघडता नेम धरायचा, आणि हे एका संध्याकाळी पन्नास-साठ वेळा. आपल्या लेकीकडून आपण हे मागतो आहोत का, याचा विचार करा, असे मी त्यांना म्हणालो. त्यांनी 18 पाउंडाचे लिम्ब घेतले.

जड लिम्ब हातात आला की शरीर पळवाटा शोधते. खांदा कानाकडे चढतो, पाठ मागे कलते, हात हनुवटीपर्यंत पोहोचण्याआधीच बाण सुटतो. या सवयी एकदा अंगात मुरल्या की काढायला फार वेळ लागतो, लिम्ब नंतर हलके केले तरी. प्रौढ माणसाने 20 ते 25 पाउंडांपासून सुरुवात करावी, लहान मुलांनी त्याहूनही खालून. वीस मीटरवरच्या लक्ष्यासाठी एवढी ताकद भरपूर होते. ऑलिंपिकमधले पुरुष खेळाडू साधारण 45 ते 50 पाउंड ओढतात हे खरे, पण ते सत्तर मीटरवर मारतात आणि तिथे पोहोचण्यामागे त्यांची कित्येक वर्षांची रोजची मेहनत असते. लिम्ब निवडताना माझी कसोटी साधी आहे. धनुष्य पूर्ण ओढून दहा सेकंद धरा आणि मग न सोडता सावकाश परत न्या. हे लागोपाठ पाच-सहा वेळा हात न थरथरता जमले तर तो लिम्ब तुमचा. पहिल्याच वेळी दात आवळावे लागले तर दुकानदार कितीही सूट देवो, तो ठेवून द्या.

आता लिम्बावरच्या आकड्याबद्दल सांगतो, कारण सर्वांत जास्त फसगत तिथे होते. लिम्बावर 30 लिहिलेले असते म्हणून तुमच्या बोटांवर 30 पाउंडच येतील असे नाही. तो आकडा 28 इंच ओढल्यावरचा असतो. आयएलएफ प्रकारच्या, म्हणजे रायझरमध्ये टिचकीने बसणाऱ्या, बहुतेक लिम्बांवर तो 25 इंची रायझर धरून दिलेला असतो. तेच लिम्ब आखूड रायझरला लावले की त्यांचा कोन बदलतो आणि भार वाढतो, ढोबळमानाने रायझरच्या प्रत्येक कमी इंचाला एक पाउंड. 28 इंचांच्या पुढे-मागे प्रत्येक इंचाला साधारण दोन पाउंड वाढतात किंवा घटतात, हलक्या लिम्बात थोडे कमी. माझ्या एका मित्राने त्याच्या 19 इंची लाकडी रायझरसाठी 30 पाउंडाचे लिम्ब मागवले. रायझर सहा इंचांनी आखूड म्हणून सहा पाउंड वाढले. त्याचे हात लांब, ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी ओढण्याची लांबी, 29 इंच, म्हणून आणखी दोन. आपण 30 ओढतो आहोत असे समजून तो बिचारा 38 च्या आसपास ओढत राहिला आणि खांद्यातल्या कळेला वय कारण आहे असे मानत राहिला. वजन करून पाहिले तेव्हा कुठे उलगडा झाला. उलटही होते. 25 इंच ड्रॉ असलेल्या मुलीने 25 इंची रायझरवर 24 पाउंडाचा लिम्ब लावला तर तिला प्रत्यक्षात 19 च्या जवळपास मिळतात. ड्रॉ लेंथचा अंदाज घ्यायला दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपासून टोकांपर्यंतची लांबी मोजा आणि तिला अडीचने भागा. पाच फूट चार इंचांच्या माणसाला साधारण साडेपंचवीस इंच येतील.

खरा भार मोजायला महागडे यंत्र लागत नाही. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला डिजिटल काटा पुरतो. आधी एका लांब बाणावर, तुम्ही पूर्ण ओढल्यावर रायझरची पुढची कड जिथे येते तिथे दुसऱ्याकडून खूण करून घ्या. मग लक्ष्याकडे तोंड करून काट्याचा हूक दोरीत बाणाजवळ अडकवा आणि खूण येईपर्यंत ओढा. आकडा वाचा आणि दोरी सावकाश परत न्या. किलोला 2.2 ने गुणले की पाउंड मिळतात. विकत घेताना हा काटा खिशात असू द्या.

बोल्टने बसणाऱ्या टेकडाउन धनुष्यांत मात्र रायझरच्या लांबीची ही अडचण येत नाही, कारण तिथला आकडा त्याच धनुष्यावर मोजलेला असतो. इथे दुसरीच काळजी घ्यावी लागते, ती बसण्याची. एक मोठा बोल्ट आणि दोन पिना ही रचना सॅमिक सेज या 62 इंची धनुष्यामुळे फार पसरली आणि अनेक कंपन्यांनी त्याच मापाचे लिम्ब काढले. स्वस्तात अदलाबदल हवी असेल तर ही वाट चांगली आहे. तरीही 'सगळ्यांना बसते' या शब्दावर पैसे देऊ नका. आपला रायझर नेऊन लिम्ब बसवून पाहा. पिना ठोकाव्या लागू नयेत आणि लिम्ब खाचेत हलूही नये. आयएलएफ लिम्बाच्या बुडाला उघडी खाच असते आणि तो रायझरमध्ये टिचकी वाजून बसतो. ही पद्धत मुळात हॉइट कंपनीची, पण आता बहुतेक सगळे तीच वापरतात, म्हणून जुन्या लिम्बांचा बाजार इथे सर्वांत मोठा आहे. हॉइटनेच 2009 मध्ये आणलेली फॉर्म्युला पद्धत वेगळी आहे. फॉर्म्युलाचा लिम्ब आयएलएफ रायझरला बसत नाही. फोटोत दोन्ही सारखेच वाटतात, आणि स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला फॉर्म्युला लिम्ब आमच्या कपाटात कितीदा तरी येऊन पडला आहे. आयएलएफचा आणखी एक फायदा असा की रायझरवरचे बोल्ट फिरवून भार सुमारे दहा टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येतो. उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे मात्र ते सैल करू नयेत.

माझ्यासाठी मी एकदा फोटो बघून एक स्वस्त जोडी मागवली होती. नवी कोरी, खोक्यातली. दोरी चढवली आणि वरच्या लिम्बाचे टोक एका कडेला वळलेले दिसले. विकणाऱ्याचे म्हणणे पडले की एवढा फरक चालतो, वापरता वापरता बसेल. पीळ वापराने बसत नाही, वाढतो. पुष्कळ पत्रव्यवहार झाला, पैसे काही परत आले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, लिम्ब दोरी चढवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. दुरून मागवावाच लागला तर दोरी चढवलेल्या धनुष्याचा टोकाकडून काढलेला फोटो आधी मागा आणि परतीची अट लेखी घ्या. धनुष्य आडवे टेकवून एका टोकाकडून बघा. दोरीने दोन्ही लिम्बांचे बरोबर मधून दोन भाग केले पाहिजेत. लिम्ब सरळ असूनही दोरी एका बाजूला सरकलेली दिसत असेल तर तो बसवणुकीचा दोष, पुष्कळ आयएलएफ रायझरवर तो सुधारता येतो. टोकाचीच एक कड वर आणि एक खाली दिसत असेल तर तो पीळ, आणि अशी जोडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

वापरलेले लिम्ब घ्यायला मी कुणालाच अडवत नाही, उलट सुरुवातीला तेच घ्या म्हणतो. हलके लिम्ब सहसा फार झिजलेले नसतात, कारण त्यांचा मालक लवकरच वर सरकलेला असतो. फक्त थोडा वेळ देऊन तपासा. कापसाचा बोळा दोन्ही लिम्बांच्या कडांवरून अलगद फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे थर सुटू लागले आहेत किंवा चीर आहे. फायबरग्लासवर लांबीच्या दिशेने केसासारख्या रेषा असतील तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. आडवी चीर असेल तर ते धनुष्य ओढायचेच नाही, तुटलेला लिम्ब तोंडाजवळ येतो. दोन्ही लिम्बांवरचा क्रमांक एकच आहे ना, हेही बघा. दोन वेगळ्या जोड्यांतून एक जोडी जमवून विकलेली मी पाहिली आहे. आणि जुन्या लिम्बांच्या टोकांना मजबुती नसेल तर त्यांना डॅक्रॉनचीच दोरी लावा. फास्टफ्लाइटसारखी न ताणणारी दोरी अशी टोके चिरू शकते.

कार्बन की लाकूड, फोम की बांबू, या चर्चेत नवशिक्या माणसाने पडू नये. मेपल आणि फायबरग्लासचा साधा लिम्ब 24 पाउंडांवर अतिशय गोड चालतो. कार्बनने मिळणारा वेग आणि पिळाला होणारा विरोध जाणवण्याइतका हात तयार झाला की मग बघा.

वाचलेले पैसे खर्च करायच्या जागा वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे स्ट्रिंगर, दोरी चढवायची ती साधी पट्टी. दोरी आणि धनुष्याच्या मधून पाय घालून मांडीवर धनुष्य वाकवायची सवय ज्यांना आहे त्यांचे लिम्ब पिळतात, चांगलेसुद्धा. दुसरी जागा बाणांची. लिम्ब बदलला की बाणाचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, बदलावा लागतो. 25 पाउंडांना 900 ते 1000 स्पाइनचा लवचीक बाण चालतो, दहा पाउंड वर गेलात की तो फार लुळा पडतो. म्हणून सुरुवातीचे बाण पूर्ण लांबीचे ठेवा. भार थोडा वाढला की ते कापून ताठ करता येतात आणि एखादी पायरी तरी तेच बाण पुरतात. फार हलका बाणही लिम्बाला मारक असतो. बऱ्याच उत्पादकांच्या सांगण्यानुसार पाउंडाला किमान आठ ग्रेन धरा, म्हणजे 30 पाउंडांना 240 ग्रेन, साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास. बाण न लावता दोरी सोडणे तर कधीच नको, कुणी गंमत म्हणून हातात घेतले तरी.

लिम्ब मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. विदर्भातल्या दुपारी काचेमागे थर जोडणारा गोंद मऊ पडतो आणि चांगली जोडी एका दिवसात पिळते. कोकणात पावसाळ्यात कडांचा रोगण उडालेला असेल तर आतले लाकूड ओल धरते, तिथे पातळ व्हार्निशचा हात वेळीच फिरवा.

वर जायचे ते चार-चार पाउंडांनी. 20 नंतर 24, मग 28, आणि प्रत्येक पायरीवर पूर्ण सत्रातला शेवटचा बाणही पहिल्यासारखा सुटू लागेपर्यंत थांबायचे. एकट्याला एवढ्या जोड्या घेणे परवडत नाही, म्हणून क्लबने किंवा चार-पाच जणांच्या गटाने मिळून 18, 20, 24 आणि 28 च्या जोड्या घ्याव्यात आणि फिरवाव्यात. आमच्याकडे हेच चालते. प्रत्येक लिम्बावर आम्ही कागदी टेपची पट्टी चिकटवतो आणि तिच्यावर पेनने तीन गोष्टी लिहितो: कोणत्या रायझरवर मोजला, किती इंच ओढून, आणि काट्याने किती किलो दाखवले. जोडी पुढच्या माणसाच्या हाती जाते तेव्हा जुनी पट्टी काढून, त्याच्या ड्रॉवर पुन्हा मोजून, नवी लावतो.