सह्यांनी मुदत थांबत नाही

आमच्या गल्लीच्या टोकाला समुद्र आहे. मुंबईच्या पश्चिम उपनगरातली ही जुनी वस्ती. तीन-चार मजल्यांच्या सोसायट्या, मागे कोळीवाडा, आणि समोरून टेम्पो आला की रिक्षाला मागे जावं लागेल असा रस्ता. त्यातली एक सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि गल्लीत टॉवरचा फलक लागला. आम्ही शेजाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, नगरसेवकांना भेटलो, महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात निवेदन नेलं. तिथल्या अभियंत्यानं ते वाचून शांतपणे विचारलं, "काका, समुद्र दिसण्याचा हक्क कुठल्या नियमात आहे?"

कुठल्याच नाही. वारा अडेल, ऊन येणार नाही, वस्तीचा चेहरामोहरा बदलेल, हे सगळं खरं असतं. पण फाइलवर टिकते ती मोजता येणारी हरकत. ज्यांच्या गल्लीत असा फलक लागणार आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिला गैरसमज सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा. "भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत बांधकामच करता येत नाही," असं आमच्याकडेही प्रत्येक जण ठासून सांगत होता. तसं नाही. या पट्ट्यात बांधकामावर नियंत्रण आहे, सरसकट बंदी नाही. शहरातला बांधीव भाग बहुतेक सीआरझेड-२ मध्ये येतो. तिथे आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला इमारत होऊ शकते. २०११ च्या अधिसूचनेनं तिथला एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येईल तो आकडा, १९९१ च्या पातळीवर बांधून ठेवला होता. २०१९ च्या अधिसूचनेनं ती गाठ सोडली. म्हणून जुन्या लढ्यांतली निवेदनं जशीच्या तशी उतरवू नका. मंजूर किनारी आराखड्याच्या नकाशावर आपला भूखंड शोधा, भरतीरेषा कुठून जाते ते पाहा, मग बोला.

दुसरं, टेप घेऊन रस्ता मोजा. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) धरून किती बांधता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतं. नकाशावरची रुंदी आणि गल्लीतली रुंदी यांत फरक निघाला, तर तीच तुमची पहिली लेखी हरकत. दुसरी हरकत इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेची: ती किती हवी, किती सोडली, आणि कमी असल्यास कोणत्या कारणानं सवलत दिली. अग्निशमन दलाची गाडी आत वळेल का, हा प्रश्न त्यातच येतो. नोएडाच्या जुळ्या टॉवरांविरुद्ध शेजारचे रहिवासी न्यायालयात गेले, तेव्हा इमारतींमधलं किमान अंतर हा त्यांच्या बाजूचा मोठा मुद्दा होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाडकामाचा आदेश कायम केला आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये टॉवर पाडले गेले. ही लढाई मात्र जवळजवळ दहा वर्षं चालली, हेही लक्षात असू द्या.

तिसरं, फलकावरच्या मजल्यांवर विसंबू नका. बांधकाम परवानगी, म्हणजे सीसी, टप्प्याटप्प्यानं मिळते: आधी जोत्यापर्यंत, मग वर. मधल्या काळात सुधारित आराखडे मंजूर होत राहतात. महारेरा या राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं घरबसल्या पाहता येतात. बाकीचं माहिती अधिकारात मागा: मंजूर नकाशे, सवलतींचा अहवाल, सीआरझेडची मंजुरी, अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवसांची. एकदा अर्ज करून भागत नाही. आराखडा बदलला की पुन्हा करावा लागतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. निवेदनाची पोच मिळाली म्हणजे काम झालं, असं वाटतं. पण निवेदनानं कुठलीही मुदत थांबत नाही. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागते, आणि अशा इमारतींसाठी जनसुनावणी होत नाही; म्हणजे तुम्हाला बोलावणं येणारच नाही. त्या मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात अपील करायला ३० दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी ६०. पर्यावरणाच्या इतर वादांत, कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने आणि वर ६० दिवस. सह्यांची मोहीम, आमदारांची भेट, अधिकाऱ्यांचं "बघतो" यांत हे दिवस सहज निघून जातात. सह्या जरूर घ्या, पण त्याच आठवड्यात वकिलाला कागद दाखवा.

आणि माणसं सांभाळा. पुनर्विकासाला गेलेल्या सोसायटीतले लोक आपलेच शेजारी असतात. गळक्या घरात म्हातारपण काढणाऱ्याला मोठं, लिफ्ट असलेलं घर हवं असतं. त्यांना शत्रू ठरवलंत, तर गणपतीत एकमेकांच्या घरी जाणं बंद होतं आणि बिल्डरचं काम सोपं होतं. आपली मागणी "बांधू नका" अशी नाही, "नियमात बांधा" अशी आहे, हे त्यांना आधी जाऊन सांगा.

बिल्डरला कुणी एकट्यानं भेटायचं नाही. तुमच्या सोसायटीची कुंपणभिंत बांधून देण्याची भाषा सुरू झाली की गट फुटतो, आणि "हे तोडपाणीसाठीच चाललंय" अशी कुजबुज गल्लीभर होते. आम्ही ठरवलं होतं: भेटीला किमान तिघं, भेटीत काय बोलणं झालं ते त्याच दिवशी लिहून सर्वांना, वर्गणीचा हिशेब दर महिन्याला. हा नियम नसता, तर आमचा गट पहिल्याच पावसाळ्यात मोडला असता.

आमच्याकडे टॉवर उभा राहिलाच. पण सुधारित आराखड्यात बाजूची मोकळी जागा वाढली आणि वरचे काही मजले कमी झाले. ते सह्यांच्या गठ्ठ्यानं झालं नाही, रस्त्याच्या मोजमापानं आणि सवलतींच्या अहवालानं झालं. तुमच्या गल्लीत अजून फलक लागला नसेल, तर रस्ता मोजून ठेवा, किनारी आराखड्याचा नकाशा उतरवून ठेवा, आणि हे कागद कुणाच्या घरी राहतील ते ठरवा. फलक लागल्यावर वेळ फार कमी उरतो.