दोन वर्षांच्या मुलाचा नाताळ: खर्च किती, कशावर?

डिसेंबर लागला की वसईत घराघरांवर चांदण्या चढतात, अंगणात गोठ्याची तयारी सुरू होते. वांद्र्याच्या हिल रोडवर आणि पुण्याच्या कॅम्पात लाल टोप्यांचे ढीग लागतात. नाताळ ज्यांच्या घरचा सण नाही, त्यांचीही आता सुटका नसते. प्लेग्रुपमधून निरोप येतोच: लाल कपडे घाला, भेटवस्तू कागदात गुंडाळून, वर नाव लिहून पाठवा. मग शेवटच्या आठवड्यात कामावरून परतताना वाटेतल्या दुकानात शिरायचे, समोर दिसेल ते उचलायचे, आणि घरी आल्यावर कळायचे की खोक्यावर ‘तीन वर्षांवरील मुलांसाठी’ असे लिहिले आहे.

एक ते तीन वर्षांच्या मुलाचा नाताळ हजार-दीड हजार रुपयांत उत्तम होतो. त्यावर जाणारा पैसा बहुतेक वेळा मोठ्यांच्या हौसेचा असतो. हौस करायला हरकत नाही, पण ती कुणाची आहे हे माहीत असावे. खाली दिलेले भाव अंदाजे आहेत. शहर, दुकान आणि हंगामाप्रमाणे ते वरखाली होतील.

आधी माणसे मोजा, मग पैसे

दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, आत्या, ख्रिस्ती घर असेल तर बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्ममाता-धर्मपिता, शेजारच्या काकू. प्रत्येकाने पाचशे-सातशेचे काही आणले तरी घरात सहा-आठ खेळणी आणि चार हजारांचा खर्च होतो. त्यातली चार खेळणी जानेवारीत पलंगाखाली सापडतात.

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ३६ लहान मुलांना एकदा चार खेळण्यांसोबत आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत खेळू दिले. चार असताना मुले एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. घरात लहान मूल असलेल्यांना हे नवे नाही. चमचा आणि रिकामा डबा मिळाला की अर्धा तास निघतो. खेळण्यांची टोपली समोर ओतली की दोन मिनिटांत रड सुरू.

म्हणून नोव्हेंबर संपायच्या आत घरच्या व्हॉट्सअॅप गटावर सरळ लिहून टाका: ‘तिच्यासाठी सगळ्यांनी मिळून तिचाकी सायकल घेऊ या, वेगळे काही आणू नका.’ आजी-आजोबांना वाईट वाटेल असे वाटत असेल तर पुस्तके त्यांच्याकडे सोपवा. ती वाचून दाखवायलाही तेच असतात. तरीही भेटी आल्याच, तर सगळ्या एका दिवशी उघडू नका. २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत दोन-तीन दिवसांनी एकेक काढा. मुलाला तारीख कळत नाही, त्यामुळे तक्रारही येत नाही.

कशाला किती पडतात?

- पुठ्ठ्याच्या जाड पानांचे चित्रपुस्तक: १०० ते ३०० रुपये. पातळ पानांची मराठी चित्रपुस्तके याहून स्वस्त मिळतात. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची यादी पाहा. दोन वर्षांखालील मूल पाने फाडते, म्हणून त्याला पुठ्ठ्याचेच द्या.
- मऊ चेंडू: ५० ते १५० रुपये. या वयात पैसे सर्वांत जास्त वसूल करून देणारी वस्तू.
- जाड मेणखडू: ५० ते २०० रुपये. सोबत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा.
- एकावर एक रचायच्या लाकडी चकत्या किंवा कप: २०० ते ६०० रुपये.
- ठोकळे: ३०० ते १,००० रुपये. मोठ्या आकाराचेच घ्या.
- भातुकली: २०० ते ५०० रुपये. दीड वर्षानंतर मुलगा असो की मुलगी, ‘चहा’ करून पाजण्याचा खेळ दोघांनाही हवा असतो.
- लाकडी पांगुळगाडा: ५०० ते १,२०० रुपये. नुकते उभे राहू लागलेल्या मुलासाठी.
- तिचाकी सायकल: १,२०० ते ३,५०० रुपये. दोन वर्षांनंतर.
- बॅटरीवर चालणारी बसायची मोटार: ६,००० रुपयांच्या पुढे. ती ठेवायला जागा आणि चालवायला मोकळे अंगण नसेल तर विचारच करू नका.

करांचा थोडा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तर मेणखडूंवरचा पूर्ण गेला. मुलांच्या चित्रांच्या आणि रंगवायच्या पुस्तकांवर तो आधीही नव्हता. छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. ‘एमआरपी अधिक जीएसटी’ असे कुणी बिल करत असेल तर ते बेकायदा आहे.

खोक्यावर न लिहिलेला खर्च

गाणारे, नाचणारे, दिवे लावणारे खेळणे चारशेला मिळते, पण ते सेल खाते. तीन पेन्सिल सेल, एक २० रुपयांचा, महिन्यातून एकदा बदलले तर वर्षाला ७२० रुपये. खेळण्याच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय एकच गाणे दिवसातून चाळीसदा ऐकावे लागते, त्याची किंमत वेगळी. सेल न लागणारे खेळणे महाग वाटले तरी वर्षअखेरीस स्वस्त पडते.

दुसरा खर्च जागेचा. वन बीएचकेमध्ये तंबू, घसरगुंडी किंवा बॉल पिट आला की कपडे वाळत घालायचा स्टँड कुठे जाणार, याचा निर्णय खरेदीआधी व्हावा. तिसरा खर्च वेष्टनाचा. चकचकीत कागद, रिबिन, पिशवी यांचे सहज शंभर रुपये होतात आणि मूल ते अर्ध्या मिनिटात फाडते. जुनी ओढणी किंवा वर्तमानपत्राचा रंगीत पुरवणीचा कागद चालतो. रिबिन मात्र खोके उघडल्याबरोबर उचला. या वयात ती गळ्यात किंवा तोंडात जाते.

दुकानात काय तपासावे

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाच्या वर आयएस ९८७३ (विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४) आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या अटीतून सूट आहे. त्यामुळे कारागिराकडून घेतलेल्या लाकडी खेळण्यावर चिन्ह नसेल तर लगेच संशय घेऊ नका; तिथे स्वतःचे हात आणि डोळे वापरा.

हात कसे वापरायचे? अस्वल घेताय तर त्याचा डोळा चिमटीत धरून जोरात ओढा, पिळा. सैल लागला तर ठेवून द्या. शिवण दोन्ही बाजूंनी ताणून आतला कापूस दिसतो का पाहा. गाडीचे चाक आसासकट उपटून येते का बघा. लाकडावरून तळहात फिरवा, कुसळ लागता कामा नये. रंगावर नखाने ओढा आणि ओल्या रुमालाने पुसा; रुमालाला रंग लागला तर तो उद्या मुलाच्या जिभेला लागणार. नाकाशी धरा, उग्र वास आला तर नको. सेलचे झाकण स्क्रूने बंद असलेच पाहिजे. दुकानदार नाराज झाला तर होऊ द्या. घरी तुमचे मूल यापेक्षा वाईट वागणार आहे.

वर्तुळात ‘०-३’ आणि बाळाचा चेहरा, त्यावर तिरपी रेघ, असे चिन्ह खोक्यावर असते. ‘आमचा हुशार आहे, त्याला जमेल’ म्हणून पालक ते दुर्लक्षित करतात. त्या चिन्हाचा हुशारीशी संबंध नाही. आत घशात अडकण्याएवढे लहान भाग आहेत, एवढेच ते सांगते. घरच्या घरी तपासायची सोपी रीत म्हणजे टॉयलेट पेपरच्या रोलमधली रिकामी नळी. जी वस्तू तिच्यातून आरपार जाते, ती तीन वर्षांखालील मुलाच्या हाती नको.

हे फुकट मिळाले तरी नको

पहिला मान बटन सेलचा. लुकलुकणाऱ्या टोप्या, गाणारी शुभेच्छापत्रे, छोट्या दिव्यांच्या माळा, रिमोट या सगळ्यांत तो असतो. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढायचा प्रयत्न न करता, त्रास व्हायची वाट न पाहता, एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठा.

पाण्यात फुगणारे जेलीचे मणी आणि छोटी शक्तिशाली लोहचुंबके पोटात जाऊन आतडे अडवतात किंवा भोसकतात. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा घशाला चिकटतो. मूल आत बसवायचा चाकांचा वॉकर चालणे शिकवत नाही, जिन्यावरून मात्र खाली नेतो. कॅनडाने २००४ सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाड्याची गोष्ट वेगळी. तो मूल स्वतःच्या पायावर उभे राहून ढकलते. टॅबलेटही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको.

कुठे घ्यावे?

भातुकलीसाठी पुण्याची तुळशीबाग, एकगठ्ठा खरेदीसाठी मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट. कोकणात किंवा गोव्यात जाणे होत असेल तर सावंतवाडीची चितार आळी लाकडी फळे, भाज्या आणि खेळण्यांसाठी वाट वाकडी करण्याजोगी आहे. ऑनलाइन घेताना मूळ देश, विक्रेत्याचे नाव आणि परतीची मुदत वाचा. ‘नॉन-रिटर्नेबल’ लिहिलेले असेल तर सोडून द्या. नाताळाची वस्तू लवकर घेतली जाते आणि महिन्याने उघडली जाते, तोवर मुदत संपलेली असते. पार्सल आले की स्वतः उघडून, तपासून मग गुंडाळा.

तिचाकी, घसरगुंडी यांसारख्या मोठ्या वस्तू सोसायटीच्या गटावर जुन्या मागा. मुले त्यांतून लवकर बाहेर पडतात, म्हणून त्या निम्म्या किमतीत किंवा नुसत्या ‘घेऊन जा’वर मिळतात. चाके, नट आणि गंज पाहून घ्या. जुनी मऊ खेळणी मात्र धुता येत असतील तरच आणा.

प्लेग्रुपची भेट आणि सांता

शाळेने रक्कम सांगितली नसेल तर १५० ते २०० रुपयांवर जाऊ नका आणि वर्गाच्या गटावर तसे सुचवा. बहुतेक पालक मनातून तेच म्हणत असतात. पुस्तक, चेंडू, जाड खडू यांपैकी काहीही कुणालाही चालते. सांताचा पोशाख भाड्याने २०० ते ४०० रुपयांना मिळतो, अनामत वेगळी. मखमलीचा तो अंगरखा मुंबईच्या डिसेंबरात दहा मिनिटांत टोचू लागतो. लाल टीशर्ट आणि पन्नासची टोपी पुरे. मॉलमधल्या सांताच्या मांडीवर बसून फोटो हवा असेल तर एक ध्यानात ठेवा: दीड-दोन वर्षांच्या मुलाला दाढीवाला अनोळखी माणूस म्हणजे भीतीच. ते रडले तर फोटो सोडा.

तीन अंदाजपत्रके

- ५०० रुपये: पुठ्ठ्याचे पुस्तक १५०, चेंडू १००, मेणखडू १००, प्लेग्रुपची भेट १५०.
- १,५०० रुपये: ठोकळे ५००, दोन पुस्तके ३००, भातुकली ३००, प्लेग्रुप २००, केक आणि सजावट २००.
- ४,००० रुपये, सगळ्या नातेवाइकांचे मिळून: तिचाकी २,५००, ठोकळे ५००, दोन पुस्तके ३००, प्लेग्रुप २००, केक आणि सजावट ५००. केकमधले काजू-बदामाचे अख्खे तुकडे मुलाला देण्याआधी काढून टाका.

बिल घ्या आणि निदान जानेवारीअखेरपर्यंत जपून ठेवा. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तिथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. चिन्ह नसलेले खेळणे दिसले तर न घेण्यावर थांबू नका, ‘बीआयएस केअर’वर तक्रार नोंदवा. तुमच्यामागून त्या दुकानात येणाऱ्या आईच्या हाती खोके देण्यापूर्वी दुकानदार दोनदा विचार करील.