बिनसाखरेचे एक्लेअर आणि संध्याकाळची गोळी

गेल्या महिन्यात एक भगिनी दवाखान्यात आल्या होत्या. यजमानांना आठ वर्षांपासून मधुमेह. मुलगी सुट्टीत बेकिंगच्या वर्गाला जाऊन आलेली. "डॉक्टर, ती घरी फ्रेंच पेस्ट्री करते. साखरेऐवजी ती गोड पूड घातली तर यांना चालेल ना?" असा त्यांचा प्रश्न. हा प्रश्न अलीकडे वरचेवर कानावर येतो. त्याचे उत्तर नुसते 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. माझ्या स्वतःच्या कुटुंबात एकदा ते अर्धवट दिले गेले, आणि देणारा मीच होतो. तो प्रसंग पुढे सांगतोच, पण आधी पदार्थाकडे वळू.

आपल्याकडे पेस्ट्री म्हणजे बेकरीच्या काचेमागे मांडलेला क्रीमचा केक. फ्रेंच लोकांची पेस्ट्री याहून बरीच वेगळी. त्यात अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकात साखरेचे काम निरनिराळे असते. मॅकरून हा बदामाची पूड, अंड्याचा पांढरा भाग आणि साखर यांचा पदार्थ. त्यात साखर गोडीपुरती नसते, पदार्थ उभा राहतो तोच तिच्यावर. ती काढली की मॅकरूनच होत नाही, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. क्रोसाँमध्ये साखर जेमतेम असते. पण साठ ग्रॅमच्या एका क्रोसाँत सव्वा ते दीड फुलक्याएवढे कर्बोदक, म्हणजे पिष्ट असते आणि पदरापदरात लोणी. तिथे साखर वगळून आपण फारसे काही साधत नाही.

मधुमेह्याच्या घरी करण्यासारखा पदार्थ म्हणजे एक्लेअर. (आपल्याकडे कागदात गुंडाळून या नावाची गोळी मिळते, ती नव्हे.) फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ वीज. बोटासारखी लांबट, आतून पोकळ पुरी आणि पोटात घट्ट क्रीम. गंमत अशी की, या पुरीच्या मूळ पिठात साखर लागतच नाही. आणि पीठ करायची रीत आपल्या गृहिणींना न शिकवता येते, कारण मोदकाची उकड काढतो तशीच ती आहे.

माझ्या पुतणीने बसवलेले प्रमाण देतो. सव्वाशे मिलिलिटर पाणी, ५० ग्रॅम बिनमिठाचे लोणी आणि चिमूटभर मीठ उकळायला ठेवावे. खळखळून उकळी आली की ७५ ग्रॅम मैदा एकदम घालून ढवळावे. गोळा पातेल्याची कड सोडू लागला की खाली उतरवून कोमट होऊ द्यावा. मग दोन अंडी एकेक करून त्यात नीट मिसळावीत. दुधाच्या स्वच्छ पिशवीचा कोपरा कापून त्यातून बोटाएवढ्या बारा कांड्या ताटलीवर पाडाव्यात. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास भाजाव्यात. पहिली वीस मिनिटे दार उघडायचे नाही. आतल्या वाफेने पुरी फुगते, दार उघडले की ती बसते. भाजून झाल्यावर प्रत्येकीला टोचा मारून पाच मिनिटे पुन्हा आत ठेवावी. ज्यांना अंडे चालत नाही त्यांनी याच्या मागे लागू नये, अंड्याशिवाय हे नीट होत नाही. त्यांनी मैदा, लोणी आणि गार पाण्याच्या पातळ पारीवर सफरचंदाच्या चकत्या लावून भाजाव्यात. हाही फ्रेंच प्रकारच आहे. मात्र सफरचंदाची स्वतःची साखर त्यात असतेच.

क्रीमसाठी पाव लिटर दूध, दोन अंड्यांचा पिवळा बलक आणि २० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर एकत्र ढवळत शिजवावे. उकळी आल्यावर आणखी मिनिटभर शिजवावे, नाहीतर क्रीम पुढे पातळ होते. एरवी यात ५०-६० ग्रॅम साखर पडते. तिच्याऐवजी सुक्रालोज किंवा स्टीव्हियाची पूड पाकिटावर दिलेल्या प्रमाणाच्या निम्मीच घालावी. व्हॅनिला घातला की तेवढी गोडी पुरते. अस्पार्टेमची गोडी उष्णतेने कमी होते. तेच वापरायचे असेल तर क्रीम गार झाल्यावर मिसळावे. वर साखर नसलेली कोको पूड भुरभुरवावी. क्रीम दूध-अंड्याचे असल्याने फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावे. घरातील लहान मुलांसाठी थोडे क्रीम वेगळे काढून त्यात सरळ साखर घालावी. त्यांना या पुडींची काही गरज नाही.

आता हिशेब. मैद्याचे सुमारे ५५ ग्रॅम कर्बोदक, कॉर्नफ्लॉवरचे १८ आणि दुधाचे १२, अशी बेरीज ८५ होते. बारांत वाटले तर एका एक्लेअरला सात ग्रॅम येतात. तीस ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात वीस असतात. म्हणजे खरोखरच बेताचे झाले. पण स्निग्धांश एकात सहा ग्रॅमच्या आसपास आहे. तेव्हा 'शुगर फ्री' म्हणून सहा खाल्ले तर वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही आपली आठवण ठेवतील.

बाजारच्या 'शुगर फ्री' मालाबद्दल थोडेसे. काही पुडींत वजन भरायला माल्टोडेक्स्ट्रिन असते, ते रक्तातील साखर चांगलीच वाढवते. माल्टिटॉल साखरेपेक्षा कमी वाढवते, पण वाढवते, आणि जास्त खाल्ले की जुलाब होतात. गूळ, मध, खजूर घालून केलेल्या पदार्थाला बिनसाखरेचा म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक. वजन उतरवण्यासाठी या गोड पुडी वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. तो सल्ला आधीपासून मधुमेह असणाऱ्यांसाठी नव्हता. त्यांनी बेताने वापरायला माझी हरकत नाही.

आता तो प्रसंग. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. मागच्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाला पुतणीने वरच्याच प्रमाणाने एक्लेअर केले. कृती तिने मला दाखवली होती, हिशेब मीच करून दिला होता आणि बिनधास्त कर म्हणून सांगितले होते. दादांनी संध्याकाळची गोळी घेतली आणि तीन एक्लेअर खाल्ले. लोण्याने पोट भरले म्हणून जेवायलाच बसले नाहीत. रोज त्यांच्या ताटात तीन फुलके, मूदभर भात आणि वरण असते, म्हणजे ऐंशीच्या घरात कर्बोदक. त्या रात्री पोटात गेले एकवीस ग्रॅम. गोळीने मात्र आपले काम नेहमीइतकेच केले.

साडेअकराला वहिनींचा फोन आला. "भावजी, लवकर या. यांना दरदरून घाम सुटलाय आणि काहीतरीच बोलताहेत." साखर उतरली असेल हे पुतणीच्या लक्षात आले होते, म्हणून तिने काहीतरी गोड म्हणून चौथा एक्लेअर भरवला होता! त्या गोडीचा अशा वेळी काय उपयोग? जिभेला ती कळते, रक्तापर्यंत काहीच पोहोचत नाही. शिवाय लोण्यामुळे उरलेसुरले पिष्टही सावकाश पचते. मी पोहोचलो तेव्हा यंत्रावर आकडा ४६ होता. माणूस शुद्धीवर होता, गिळू शकत होता. मी साखर मागितली तर वहिनी नुसत्या बघत राहिल्या. पथ्य म्हणून घरातून साखरेचा डबाच हद्दपार झालेला. शेजारून वाटीभर आणली. तीन चमचे पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ७८ झाले. मग वरणभात खायला लावला. या गटातील गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून रात्रभर दर दोन तासांनी तपासत तिथेच बसलो. पुतणी कोपऱ्यात रडत होती. तिची चूक नव्हती. पदार्थातील साखर मी मोजून दिली, गोळीविषयी तिला चकार शब्द बोललो नव्हतो.

इन्शुलिन घेणाऱ्यांना किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका असतो. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी पंधरा ते वीस ग्रॅम खरी साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. सरळ रुग्णालय गाठावे. आणि व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही, कारण ती पचवण्याची क्रियाच ही औषधे रोखतात. त्यांना ग्लुकोजची पूडच हवी.

आता एक्लेअर होतात त्या दिवशी दादांच्या ताटात दोन फुलके, वरण, भाजी आणि भाताऐवजी दोन एक्लेअर असतात, तेही जेवणाबरोबरच. साखरेचा डबा वहिनींनी पुन्हा फळीवर ठेवला आहे.

त्या भगिनींना मी यजमानांच्या गोळ्यांचे पाकीट घेऊन यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या. ग्लिमेपिराइड होतेच, जोडीला व्होग्लिबोजही निघाले. त्यांना कृती लिहून दिली आणि जाता जाता औषधांच्या दुकानातून ग्लुकोजचा डबा घ्यायला सांगितला.