धोक्याची सूचना पोहोचली, अग्निशमन दल नाही

प्रश्न : टेलिफोन एक्स्चेंजला आग लागल्यास उत्तरदायी कोण?

उत्तर : अमेरिकेतील इलिनॉय राज्यात हिन्सडेल येथे 8 मे 1988 रोजी, म्हणजे रविवारी व ‘मदर्स डे’च्या दिवशी, इलिनॉय बेल कंपनीच्या कर्मचारीविरहित एक्स्चेंजमध्ये आग लागली, तेव्हा धोक्याची सूचना स्प्रिंगफील्डच्या दूरस्थ नियंत्रण कक्षात, म्हणजे अनेक केंद्रांवर दुरून लक्ष ठेवणाऱ्या कार्यालयात, पोहोचली होती, परंतु अग्निशमन दलाला ती जवळपास तासाभराने कळली. इमारतीत स्प्रिंकलर, म्हणजे उष्णतेने आपोआप सुरू होणारे पाण्याचे फवारे, नव्हते. सुमारे 35,000 ग्राहकांचे दूरध्वनी बंद पडले आणि ओ’हेअर विमानतळाची वाहतूकही विस्कळीत झाली. ठिणगी केबलमध्ये पडली, हे तांत्रिक कारण. परंतु सूचना हाती असूनही दल बोलावण्यास झालेला विलंब आणि एवढी सेवा एकाच इमारतीवर विसंबून ठेवणे हे व्यवस्थापनाचे निर्णय होते, म्हणून त्यांचा भार नियंत्रण कक्षातील एकट्या तंत्रज्ञावर टाकणे अन्यायाचे आहे. पीव्हीसी आवरणाच्या केबल जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो व ज्वाळांपासून वाचलेली यंत्रेही गंजवतो; त्यामुळे पहिल्याच क्षणी थेट अग्निशमन दलाला सूचना जाणे हे कंपनीच्या मर्जीवर न सोडता कायद्याने बंधनकारक असले पाहिजे.