‘कुसुमानिल’ आणि स्वामित्वहक्काची मुदत : महाजालावरील ग्रंथसंग्रहाच्या संदर्भात

कुसुमावती देशपांडे (१९०४-१९६१) आणि कवी अनिल, म्हणजेच आ. रा. देशपांडे (१९०१-१९८२), ही नागपूरच्या वाङ्मयीन जीवनातील दोन ठळक नावे होत. त्यांचे साहित्य महाजालावर विनामूल्य उपलब्ध करून द्यावयाचे झाल्यास कोणते प्रश्न उद्भवतात, याचा विचार येथे केला आहे.

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ अन्वये हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. त्यानुसार कुसुमावतींचा ‘पासंग’ (१९५४) हा समीक्षालेखसंग्रह १ जानेवारी २०२२ पासून भारतात स्वामित्वमुक्त झाला. अनिलांच्या कवितेला मात्र २०४२ अखेरपर्यंत संरक्षण आहे.

खरा पेच उभयतांच्या पत्रव्यवहाराचा, म्हणजे ‘कुसुमानिल’ (१९७२) या ग्रंथाचा आहे. पत्र ज्याचे त्याचे स्वतंत्र लेखन असल्याने त्यास संयुक्त कृती म्हणता येत नाही. कुसुमावतींची पत्रे मरणोत्तर प्रसिद्ध झाल्यामुळे त्यांची मुदत प्रकाशनापासून मोजावी लागते व ती २०३२ अखेर संपते. अनिलांची पत्रे त्यानंतर आणखी दहा वर्षे संरक्षित राहतील. एकाच संवादातील एक स्वर मुक्त आणि दुसरा बद्ध, अशी ही स्थिती होय.

देशाची सीमा ओलांडताच गणित पुन्हा बदलते. बर्न करारातील अल्पतर मुदतीच्या तत्त्वानुसार युरोपीय संघातील देश मूळ देशापेक्षा अधिक मुदत देत नाहीत. त्यामुळे ‘पासंग’ तेथेही मुक्त ठरतो. अमेरिकेने हे तत्त्व स्वीकारलेले नाही. १ जानेवारी १९९६ रोजी भारतात संरक्षित असलेल्या अशा ग्रंथांना तेथे प्रकाशनापासून ९५ वर्षांचे संरक्षण मिळते. म्हणजे नागपुरात मुक्त असलेला ‘पासंग’ अमेरिकेत २०४९ अखेरपर्यंत बद्धच राहील.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हा अमेरिकी संग्रह तेथील कायद्यानुसार निर्दोष होता. तरीही थॉमस मान प्रभृतींच्या ग्रंथांवरून जर्मन न्यायालयाने २०१८ मध्ये विरुद्ध निर्णय दिला, आणि २०२१ मधील तडजोडीपर्यंत जर्मन वाचकांना तो संपूर्ण संग्रहच बंद राहिला. मूठभर ग्रंथांच्या वादात हजारो ग्रंथ दुरावले.

तात्पर्य, ‘जुने ते मुक्त’ हे गृहीतक टिकत नाही. विदर्भातील साहित्याचा संग्रह सिद्ध करताना प्रत्येक कृतीसोबत लेखकाचे मृत्युवर्ष, प्रथम प्रकाशनाचे वर्ष व स्थळ, आणि ती कोणत्या देशात मुक्त आहे याची नोंद असणे अगत्याचे आहे. ग्रंथसूचीचे हे काम वकिलापूर्वी वाङ्मयाच्या अभ्यासकाचे आहे.