थंडीत आखडलेला गिअर

धाराशिव शहर बालाघाटच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसले आहे. पौष महिन्यात येथील आकाश निरभ्र व हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देते. त्यामुळे दुपारी २८-३० अंशांवर असलेला पारा पहाटे १० अंशांच्या आसपास येऊन ठेपतो. अशा पहाटे काकवीचे भांडे कलते करून पाहा. दुपारी झरझर वाटीत उतरणारी काकवी आता जाड धारेने, थांबत थांबत उतरते. काकवी तीच, भांडेही तेच. मधल्या काळात उष्णता तेवढी कमी झाली. वाहण्यास विरोध करण्याचा जो गुण प्रत्येक द्रवाच्या अंगी असतो, त्यास शास्त्रात श्यानता म्हणतात. आपण त्यास साध्या भाषेत दाटपणा म्हणू.

हाच दाटपणा मोटारीच्या गिअरला कसा अडवितो, ते आता पाहावयाचे आहे.

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ घरांतील कर्ती माणसे पुण्या-मुंबईस असतात. गावच्या वाड्यातील जुनी मोटार दिवाळीत बाहेर निघते, ती पुन्हा एकदम संक्रांतीला. या दोन सणांच्या मधल्या थंडीत ती तशीच उभी असते. मग एके दिवशी पहाटे कोणी ती चालू करतो. इंजिन सुरू होते, पण गिअरची दांडी जागची हलत नाही. हलली तरी पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना अशी अडते की, जणू आत कोणी तिचा हात धरून ठेवला आहे. चालविणारा चिडतो व दांडीला हिसके देतो. बैल अडला म्हणजे काही लोक त्याची शेपटी पिरगाळतात, त्यातलाच हा प्रकार!

आत काय घडत असते? गिअरपेटीत लहानमोठी दंतचक्रे असतात व ती तेलात बुडालेली असतात. गिअर बदलताना निरनिराळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवावे लागतात. वेग जुळला नाही, तर दातावर दात आपटून खडखडाट होतो. जुन्या काळी हा वेग चालकालाच अंदाजाने जुळवावा लागे, आणि ते कौशल्याचे काम समजले जाई. पुढे अर्ल थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने यावर युक्ती काढली. १९२८ साली ती कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली. या युक्तीत दोन फिरत्या भागांमध्ये एक पितळी कडे असते. दांडी सरकविली की ते कडे समोरच्या चक्राच्या निमुळत्या अंगाला घासते. घर्षणाने दोघांचा वेग एक होतो, आणि तसा तो होईपर्यंत हे कडे दातांना पुढे जाऊ देत नाही. एखाद्या द्वारपालासारखे ते मध्ये उभे राहते म्हणा ना!

आता घर्षण व्हावयाचे, तर कडे आणि चक्र यांच्यामधले तेल आधी बाजूला सरले पाहिजे. गरम, पातळ तेल क्षणात सरते. गार तेल काकवीसारखे चिकटून राहते, कडे त्यावरून घसरते, आणि वेग जुळण्यास उशीर लागतो. तोवर दांडी पुढे जाणार कशी? गिअरपेटीत पूर्वीपासून वापरात असलेले ९० क्रमांकाचे तेल १०० अंशांवर जेवढे दाट असते, त्याच्या दहापटीहून अधिक दाट ते ४० अंशांवर असते. १० अंशांवर तर त्याच्याही कित्येक पट. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थंडीत खोबरेल गोठते, तसे हे तेल आपल्याकडील थंडीत गोठत नाही. ते केवळ सुस्त होते.

लडाखसारख्या प्रदेशात पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो. अशा ठिकाणांसाठी ७५डब्ल्यू किंवा ८०डब्ल्यू अशा खुणेची तेले असतात. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. ८०डब्ल्यू तेल उणे २६ अंशांवर, तर ७५डब्ल्यू उणे ४० अंशांवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा दाट होता कामा नये, असा नियम आहे. मात्र पातळ तेल बरे म्हणून कोणतेही ओतू नये. दातांवरचा भार सोसण्याइतका जाडपणा तेलात असावाच लागतो. मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जे सांगितले असेल, तेच तेल घालावे.

तथापि सगळा दोष तेलाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर कंपनी स्थापन केली. तिच्या जुन्या पद्मिनी मोटारींत गिअरची दांडी सुकाणूच्या चाकाजवळ असे. तेथून गिअरपेटीपर्यंत सळ्या आणि सांधे यांची लांबलचक साखळीच होती. अशा सांध्यांतील वंगण वाळले, तर तेल कितीही चांगले असो, दांडी कुरकुरणारच. बैलगाडीचा कोरडा आस कसा ओरडतो, ते तुम्ही ऐकले असेलच.

तिसरे कारण गंजाचे. उघड्या पडवीत उभ्या मोटारीवर दव पडते, आणि क्लचची तबकडी शेजारच्या लोखंडी चाकाला गंजाने चिकटून बसते. मग पायाने क्लच दाबला, तरी इंजिन व गिअरपेटी यांची फारकत होत नाही. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण इंजिन चालू होताच एकही पडत नाही, असे आढळल्यास दोष बहुधा क्लचचा समजावा व कारागिराला बोलवावे. उलट, सकाळी आखडलेला गिअर चार-पाच मैल चालल्यावर आपोआप मोकळा झाला, तर ती करणी थंडीची. दुपारीही तो आखडलेलाच राहिला, तर थंडीला बोल लावण्यात अर्थ नाही.

थंडीच्या दोषावर उपाय एकच, आणि तो फुकट आहे: थोडा वेळ द्यावा. मोकळ्या जागेत मोटार उभी करून, गिअर न टाकता, क्लचवरून पाय काढून इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे. म्हणजे गिअरपेटीतील काही चक्रे तेल घुसळू लागतात आणि तेल हळूहळू सैल होते. बंद खोलीत मात्र हे कदापि करू नये. इंजिनाचा धूर विषारी असतो. नंतर पहिले दोन-तीन मैल सावकाश जावे. गिअर बदलताना दांडी हलक्या हाताने दाबून धरावी आणि कडे आपले काम करीपर्यंत क्षणभर थांबावे. हिसका दिल्याने ते पितळी कडे झिजते. एकदा ते झिजले की उन्हाळ्यातही खडखडाट सुरू होतो, आणि मग साऱ्या गिअरपेटीची उस्तवार करावी लागते.

तुळजापुरी हा विचार अधिकच करावा लागतो. पौषात शाकंभरी नवरात्रासाठी आलेल्या यात्रेकरूंच्या गाड्या तेथे रात्रभर गारठ्यात उभ्या असतात. पहाटे सोलापूरकडे निघालेल्या गाडीला गाव सुटताच घाटाची उतरण लागते. उतरणीवर गाडीला आवर घालण्यासाठी खालचा गिअर हवा असतो. तिसऱ्यातून काढलेली दांडी दुसऱ्यात गेलीच नाही, तर गाडी मोकळी सुटते आणि सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. म्हणून जाणता चालक घाटाच्या तोंडाशी पोहोचण्यापूर्वी, सपाट रस्त्यावरच सगळे गिअर एकदा टाकून पाहतो. दुसरा गिअर अडत असेल, तर गाडी कडेला घेतो, इंजिन चालू ठेवतो आणि आतील माणसांना चहा घेऊन यावयास सांगतो.