वेदनेचे वरदान

जवळा बाजारच्या शिवारात पायात काटा मोडला, की ‘देवाने वेदना दिलीच कशाला?’ असे मला वाटे. परंतु काही बालके जन्मतःच वेदनाहीन असतात. दात येताच ती स्वतःची जीभ, ओठ, बोटे चावतात. मोडक्या हाडावर चालत राहिल्याने त्यांचे सांधे निकामी होतात. जखमा हाडापर्यंत चिघळतात. एका प्रकारात घामही येत नाही. मग वैशाखाचे ऊन जिवावरच बेतायचे. उत्तर पाकिस्तानात निखाऱ्यांवर चालून दाखवणारा एक मुलगा छपरावरून उडी मारून दगावला. त्याच्या बिरादरीतील कुटुंबांच्या अभ्यासातून २००६ साली ‘एससीएन९ए’ या जनुकातील दोष उघड झाला. रोज अंगप्रत्यंग तपासणारी आईच अशा बालकाची वेदना होते. आता काटा रुतला, की मी कुरकुरत नाही.